लष्करी विमान अपघातांची चौकशी कोणी करावयाची?

१३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून समुद्रातील तेलक्षेत्राकडे निघालेले पवन हंसचे हेलिकॉप्टर डहाणूसमोरच्या समुद्रात कोसळले. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे पाच अधिकारी व दोन वैमानिक मृत्युमुखी पडले. ते हेलिकॉप्टर नागरी असल्याने चौकशी विमान अपघात अन्वेषण विभागाकडे गेली. हा विभागही नागरी उड्डाण मंत्रालयाच्याच छायेत आहे. तरी त्याचे अहवाल नागरिकांना वाचावयास मिळतात.

तेच हेलिकॉप्टर हवाई दलाचे असते तर? चौकशी दलानेच केली असती आणि कागद दलातच राहिले असते. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडजवळ मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मृत्यू झाला. ठपका वैमानिकावर आला, आणि तो पुसण्यासाठी त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. मृत वैमानिक उलट उत्तर देत नाही, ही प्रशासनाची मोठीच सोय! विंग कमांडर संजीतसिंह कैला २००५ च्या अपघातातून वाचले म्हणून त्यांना माहितीचा अधिकार वापरता आला. विमानाच्या उत्पादनातील दोष त्यातून उघड झाला, आणि २०१७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ५५ लाखांची भरपाई मंजूर केली.

विमान बनविणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स, त्याची गुणवत्ता तपासणारे महासंचालनालय, उड्डाणयोग्यतेचा दाखला देणारे केंद्र आणि ते वापरणारे हवाई दल ही सारी एकाच संरक्षण मंत्रालयाची अपत्ये आहेत. १९८२ साली ला फाँतेन समितीने प्रगत प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. ‘हॉक’चा करार झाला २००४ साली आणि विमाने दाखल झाली २००८ साली. या दिरंगाईचा ठपका कोणत्या चौकशीने कोणावर ठेवला? २०१२ साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितले की, १९७१ पासून मिग विमानांचे ४८२ अपघात झाले. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक दगावले. उद्या तलासरीच्या एखाद्या आदिवासीच्या शेतात असे विमान कोसळले, तर त्याच्या घरच्यांना कारण कोण सांगणार?

गुप्ततेची सबब टिकणारी नाही. २००६ साली अफगाणिस्तानात निमरॉड विमान कोसळून १४ ब्रिटिश सैनिक दगावले. युद्ध चालू असतानाच, २००९ साली, हॅडन-केव्ह यांचा अहवाल जाहीर झाला. त्यात मंत्रालय आणि कंपन्या दोघांवरही उघड ठपका होता. पुढच्याच वर्षी तेथे लष्करी विमानांसाठी वेगळे नियामक प्राधिकरण स्थापन झाले.

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. चौकशीची पद्धत मात्र सेवेतच आहे. संसदेला उत्तरदायी असलेले अन्वेषण मंडळ नेमावे, आणि युद्धविषयक तपशील वगळून प्रत्येक अहवाल सभागृहापुढे ठेवावा, ही मागणी डहाणू-पालघरच्या लोकप्रतिनिधींनीही लावून धरावयास हवी.