सोनं पारखून, क्रीम डोळे मिटून

जळगावच्या बाईला सोन्यात फसवणं सोपं नाही. सराफ बाजारात ती आधी घडणावळ विचारते आणि उद्या मोडायला आणलं तर किती घट धराल, हेही तिथल्या तिथे वदवून घेते. 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी हा हॉलमार्कचा क्रमांक सक्तीचा झाला. तेव्हापासून माझी नणंद तो मोबाईलवर टाकून बघितल्याशिवाय पर्स उघडत नाही. हीच नणंद परवा माझ्यासोबत फॅशन-ब्यूटी एक्स्पोत गेली आणि पाचशे रुपयांची क्रीमची डबी घेऊन आली. डबीवर ती कुणी बनवली याचा पत्ता नाही.

मला एक्स्पो आवडतात, हे आधीच सांगते. माझं माहेर धुळ्याचं. आमची खरेदी आग्रा रोडवर, आणि दुकानदार वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्यासमोर लिपस्टिक हातावर लावून बघायची कुणाची टाप होती? एक्स्पोत कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून साठीची बाईसुद्धा आरशासमोर बिनधास्त मरून शेड लावून बघते. ही मोकळीक छोटी नाही. बाकी ‘मुंबई कलेक्शन’च्या पाटीखाली सुरतेच्या साड्या असतात. सुरतेहून रेल्वे थेट जळगावला येते हो, आम्हाला काय सांगता! पण साडी हाताला कळते, पदर उलटून बघता येतो. क्रीमचं तसं नाही.

क्रीमच्या स्टॉलवरच्या मुलीने नणंदेच्या गालाला एक यंत्र लावलं, स्क्रीनवर तांबडे ठिपके दाखवले आणि म्हणाली, “ताई, खान्देशचं ऊन आहे, आत्ताच काळजी घ्या. सात दिवसांत फरक.” मी डबी फिरवून बघितली. वर सोनेरी अक्षरांत ‘हर्बल’, बाकी कोरी. बिल मागितलं तर “ताई, प्रदर्शनात बिल कुठे असतं?” क्यूआर कोडवर पैसे गेले ते कुणा माणसाच्या नावावर, दुकानाचं नाव तिथेही नव्हतं.

2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापराची मुदत लागते. हा कागदी सोपस्कार नाही. सात दिवसांत गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये बरेचदा पारा असतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होणं पारा रोखतो, म्हणून चेहरा खरोखर उजळतो, आणि गिऱ्हाईक मैत्रिणीलाही तीच डबी सांगते. पण हा पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये मूत्रपिंडाच्या एका विकाराचे रुग्ण वाढले. त्यातले बरेच जण अशीच क्रीम लावणारे निघाले. आपल्याकडे प्रसाधनात अनवधानाने आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग इतकाच चालतो, डोळ्यांच्या प्रसाधनांना तेवढी सूट.

नणंदेला हे सांगितलं तर म्हणाली, “वहिनी, पाचशे रुपयांसाठी कुठे एवढी उलटतपासणी करायची?” पाच ग्रॅमच्या अंगठीसाठी ही बाई सराफाला अर्धा तास घाम फोडते. अंगठी निदान बोटातून काढता येते.

पण सगळा भार गिऱ्हाइकावर टाकणं मला पटत नाही. दारात प्रवेश फुकट असतो आणि आपला मोबाईल नंबर मात्र लिहून घेतात. पुढे महिनाभर ऑफरचे मेसेज येतात. म्हणजे आयोजकाकडे आपली सगळ्यांची यादी असते. तशीच स्टॉलवाल्यांची यादी त्याने दारातच फलकावर लावावी: नाव, गाव, फोन, जीएसटी असेल तर त्याचा क्रमांक. रविवारी रात्री मांडव उतरला की सोमवारी चेहऱ्यावर पुरळ आलेल्या बाईने जायचं कुणाकडे? अन्न व औषध प्रशासनाच्या माणसांनीही दिवाळीत जसे खव्याचे नमुने घेतात, तसे इथे दोन-चार डब्यांचे घ्यावेत. बचत गटाच्या बायका त्याच मांडवात साबण-उटणं विकतात आणि लेबलावर स्वतःच्या गावाचं नाव छापतात. जागेचं भाडं त्यांनाही चुकत नाही, आणि बेनामी डबीशेजारी बसून त्यांचाच माल महाग ठरतो.