चॉकलेटचा मोदक आणि आपला कांगावा

गणेशोत्सवात चॉकलेटचे मोदक आले आणि आपल्या मंडळींना संस्कृती बुडाल्याचा साक्षात्कार झाला! अठराव्या शतकात शिंद्यांच्या फौजांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनी येथील दाल-बाफले आणि मावाबाटी पंक्तीत घेतलीच ना? तेव्हा कोणी बाटले नाही. इंदूरच्या सराफ्यात, रात्री सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर, तरुणांनी जलेबा खावा. चॉकलेटही खुशाल खावे. आक्षेप घ्यायचाच तर कोको बटरऐवजी वनस्पती तूप घालून केलेल्या स्वस्त चॉकलेटवर घ्यावा. उकडीची पारी वळणे मात्र आता घरातल्या एकट्या आजींनाच येते. ते शिकावयास या तक्रारखोर पुरुषांपैकी किती जण ओट्याशी उभे राहिले?