जिलेबीला किती युनिट?

"मामा, आमची ओळख फोनवर झाली," असे भाचीने सांगितले तेव्हा राँग नंबर लागला असावा, अशीच माझी भाबडी समजूत झाली. मराठीच्या प्राध्यापकाकडून याहून अधिक अपेक्षा तिचीही नव्हती. तिने शांतपणे 'टिंडर' नावाचे प्रकरण उलगडून दाखविले. २०१२ साली अमेरिकेत निघालेले हे ॲप. फोटो आवडला तर बोट उजवीकडे, नावडला तर डावीकडे! दोघांचीही बोटे उजवीकडे सरली तरच बोलण्याची मुभा. म्हणजे मुलीला चालून दाखवायला सांगण्याची सोय यात मुळीच नाही.

तशी ही खटपट जुनीच. १९६५ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' काढले होते. तीन डॉलर भरायचे, पंच्याहत्तर प्रश्नांची उत्तरे लिहायची. मग ती छिद्रांच्या कार्डांवरून संगणकात जात आणि जुळणाऱ्या नावांची यादी घरी येई. आपल्याकडे तेव्हा हे काम एखादी मावशी बिनपैशांत करीत असे. प्रश्न मात्र पंच्याहत्तरांहून जास्त!

पण आमच्या ताईला या साऱ्याचे कौतुक नव्हते. तिची लेक अकराव्या वर्षापासून इन्सुलिन घेते. हा मधुमेह गोड खाऊन होत नाही. शरीर स्वतःच इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते. हे आम्ही पाहुण्यांना कितीदा समजावले असेल! पत्रिका जुळायची, पोहे संपायचे, आणि "तब्येत वगैरे?" या प्रश्नापाशी स्थळ थांबायचे. दोन स्थळे अशी गेल्यावर, "पहिल्या भेटीत बोलू नकोस," हा सल्ला दिला तो मीच. आज लिहितानाही लाज वाटते.

भाचीने काय केले? ॲपवरच्या चार ओळींत पहिलीच लिहिली : 'लहानपणापासून मधुमेह आहे. रोज चार इंजेक्शने घेते. जिलेबीवर उपदेश नकोत.'

आठवडाभर शुकशुकाट. मग नागपूरच्या, पण पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाने विचारले, 'उपदेश नाही. पण जिलेबीला किती युनिट लागतात?'

'ते जिलेबीच्या आकारावर आणि तुमच्या आग्रहावर,' हिचे उत्तर.

तेथून दोन महिने रोज गप्पा. पहिली भेट उडप्याच्या हॉटेलात, भर दुपारी. शेजारच्या टेबलावर हिची मैत्रीण पहाऱ्याला. अनोळखी माणसाला भेटताना ही खबरदारी हवीच; तिने दोन मसाला डोसे हाणले आणि बिल त्या मुलाने भरले, हा भाग निराळा. हिने इंजेक्शन काढले तेव्हा त्याने मान वळविली नाही, की कौतुकाचे भाषणही केले नाही. "सांबार घेऊ का आणखी?" एवढेच म्हणाला. प्रेम केव्हा जडले असे विचारले की भाची ही सांबाराची वाटीच सांगते.

गेल्या महिन्यात नागपूरहून मुलाच्या आईचा फोन आला. मी तेथेच होतो. ताईने घाबरत घाबरत तब्येतीचा विषय काढला.

"ते मुलाने सांगितले आहे हो," त्या बाई म्हणाल्या. "मला एवढेच सांगा, रात्रीबेरात्री तिची साखर उतरली तर मी काय करायचे? मी वहीपेन घेऊन बसले आहे."

ताईला शब्द फुटेना. मग फोन मी घेतला आणि म्हणालो, "लिहा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर, अर्धा पेला पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे..."