चेतापेशी, वीज आणि ग्राफीनचा लेप

कंपवाताने, म्हणजेच पार्किन्सन्सच्या विकाराने, आजारी असलेल्या पतीची अनेक वर्षे शुश्रूषा करणाऱ्या एका वाचक भगिनींनी दोन प्रश्न विचारले आहेत. "ग्राफीनच्या लेपाने चेतापेशी पुन्हा जागृत होतात, असे वाचनात आले. ग्राफीनची म्हणून एक पट्टी बाजारात मिळते. ती यजमानांसाठी घ्यावी का? आणि डॉक्टरांनी मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. नवे तंत्र येईपर्यंत ती लांबणीवर टाकावी का?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. परंतु नुसत्या नकाराने मनाचे समाधान होत नाही. म्हणून त्यामागील कारणे समजावून घेऊ.

आपल्या चेतापेशींचे संदेशवहन विद्युत स्वरूपाचे असते. मृत बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शाने आकसतो, हे इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांनी दाखवले व १७९१ साली त्यावरील प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, मेंदूच्या खोल भागी बारीक तार ठेवून जलद गतीने सूक्ष्म विद्युत स्पंद दिल्यास कंप शमतो. त्यातूनच 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' ही आजची उपचारपद्धती विकसित झाली. ती भारतातही उपलब्ध आहे. या तारेची जाडी सुमारे सव्वा मिलिमीटर असते, तिच्या टोकाशी प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूची कडी असतात, आणि छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या बॅटरीतून तिला वीज मिळते.

येथे एक अडचण उद्भवते. धातूच्या तारेत वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांच्या रूपाने; शरीरातील द्रवात मात्र ती सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड अशा विद्युतभारित कणांच्या रूपाने वाहते. धातू आणि शरीर यांच्या सीमेवर हा भार एका वाहकाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. पर्वणीच्या दिवशी नदीचा घाट अरुंद असला, तर चेंगराचेंगरी होते; पायऱ्या पुष्कळ असल्या, तर तितकेच भाविक सुखरूप स्नान करून परततात. विद्युताग्राचेही तसेच आहे. नेमक्या मोजक्या पेशींनाच चेतना द्यायची, तर ते लहान हवे. पण लहान पृष्ठभागावरून अधिक भार रेटला, तर तेथील पाण्याचे विघटन होऊ लागते, धातू झिजतो आणि भोवतालच्या पेशींना इजा पोहोचते. शिवाय मेंदू खरवसासारखा मऊ, तर धातू कठीण. त्यामुळे कालांतराने तारेभोवती व्रणासारखे आवरण तयार होते.

ग्राफीनचा उपयोग येथे होऊ शकतो. ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा, केवळ एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. पेन्सिलीच्या शिशात असते त्या ग्रॅफाइटपासून साध्या चिकटपट्टीच्या साह्याने तो वेगळा करण्याचे काम मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कोन्स्टांटिन नोव्होसेलोव्ह यांनी केले. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१० साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा पदार्थ उत्तम विद्युतवाहक असून लवचीकही आहे. त्याचे असंख्य पापुद्रे सच्छिद्र रीतीने एकमेकांवर रचले, की सुईच्या अग्राएवढ्या जागेतही मोठा पृष्ठभाग उपलब्ध होतो. घाट तेवढाच राहतो, पण पायऱ्या कितीतरी वाढतात. प्रयोगशाळेत अशा पृष्ठभागावर चेतापेशी रुजतात, वाढतात आणि विद्युत चेतनेला प्रतिसादही देतात.

आता हे संशोधन कुठवर पोहोचले आहे, ते पाहू. यातील बहुतांश प्रयोग काचेच्या बशीतील पेशींवर आणि उंदरांवर झाले आहेत. मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड येथील रुग्णालयात २०२४ साली, मेंदूतील गाठ काढण्याची शस्त्रक्रिया चालू असताना, ग्राफीनची विद्युताग्रे असलेली पातळ पट्टी प्रथमच माणसाच्या मेंदूवर ठेवण्यात आली. तीही तात्पुरती, सुरक्षिततेची पारख करण्यापुरती. दीर्घकाळ शरीरात राहिल्यावर हा लेप कसा टिकतो, याची परीक्षा अजून व्हायची आहे.

यावरून पहिल्या प्रश्नाचा उलगडा होतो. या लेपाचा लाभ तो चेतापेशींना प्रत्यक्ष भिडलेला असतानाच मिळतो. त्वचेवरील पट्टी आणि मेंदू यांच्यामध्ये तर कवटीचे जाड हाड असते. शिवाय कंपवातात डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात, आणि नष्ट झालेल्या पेशी विजेने परत येत नाहीत. मेंदूत बसवलेली तारही लक्षणे आटोक्यात ठेवते. रोग मुळापासून बरा करत नाही.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. या शस्त्रक्रियेचा लाभ प्रामुख्याने अशा रुग्णांना होतो, ज्यांना लेव्होडोपा या औषधाने अजून चांगला उतार पडतो आणि ज्यांची स्मृती व विवेक शाबूत आहेत. वय व व्याधी पुढे सरकली की ही संधी निसटू शकते. शस्त्रक्रियेत धोके आहेतच, त्यांची चर्चा डॉक्टरांशी मोकळेपणाने करावी. पण उद्याच्या लेपाची वाट पाहत आजचा निर्णय टाळू नये.

ज्यांच्या शरीरात असे उपकरण आधीच बसवलेले आहे, त्यांच्या कुटुंबीयांनी काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. उपकरणाचे ओळखपत्र रुग्णाजवळ सदैव असावे. सांधेदुखी वा पाठदुखीसाठी फिजिओथेरपी घेताना उपकरणाची माहिती आधी द्यावी आणि डायथर्मीचा शेक मुळीच घेऊ नये. त्याने तारेचे टोक तापून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. एमआरआय तपासणीपूर्वी संबंधित तज्ज्ञांची अनुमती घ्यावी. बॅटरी संपत आल्याची सूचना मिळाल्यास विलंब करू नये. हृदयात पेसमेकर असल्यास वेदनाशमनासाठी मिळणारी विजेची यंत्रेही डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नयेत.

भगिनी, नव्या शोधांची वार्ता जरूर वाचत राहा; त्यातील आशा खरी आहे. परंतु आज यजमानांच्या हाताचा कंप शमवण्याचे सामर्थ्य वेळेवर दिलेल्या गोळीत, नित्याच्या व्यायामात आणि योग्य वेळी घेतलेल्या निर्णयात आहे. पट्टीसाठी राखून ठेवलेले पैसे मेंदूविकारतज्ज्ञांच्या पुढील भेटीसाठी खर्च करा, आणि त्या भेटीला जाताना मनातील सारे प्रश्न कागदावर लिहून न्या.