कुलपातले संगणक

बडोदा महापालिकेच्या शंभरेक प्राथमिक शाळांना सरकारने २००० साली प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा ते शिकवण्यासाठी वापरणाऱ्या शाळा फारच थोड्या निघाल्या. वर्धा जिल्ह्यातल्या शिक्षकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. चोरीच्या धास्तीने संगणकाचा पडदा कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक पंचायत समितीच्या बैठकीला, हे चित्र राज्यातल्या कोणत्या तालुक्याला अनोळखी आहे?

बडोद्याची गोष्ट मात्र तिथे थांबली नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याच संगणकांवर चौथीच्या मुलांना गणिताचे खेळ खेळायला दिले. एका संगणकापुढे दोन मुले, आठवड्याला दोन तास. त्यातला एक तास शाळेच्या वेळात, एक शाळेच्या आधी किंवा नंतर. शाळा निवडल्या त्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, म्हणजे कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. दुसऱ्या वर्षाअखेर गणितातली प्रगती ०.४७ प्रमाण विचलन इतकी भरली. साध्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल साधारण अठरा जागा पुढे सरकले. एवढे वाचून एखादा पुरवठादार लगेच दरपत्रक काढील. त्याने पुढचे पानही वाचावे. उपक्रम संपल्यावर वर्षभरात हा फायदा बराचसा ओसरला.

त्याच संशोधनात दुसरा प्रयोग होता ‘बालसखी’चा, तो मुंबई आणि बडोद्यात. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना दिवसातले काही तास वेगळे घेऊन बसे आणि वाचन, बेरीज-वजाबाकी पहिल्यापासून करून घेई. प्रगती संगणकाइतकी नव्हती, पण होती. आणि खर्च विद्यार्थ्यामागे वर्षाला शंभर रुपयांच्या आसपास. संगणकाचा खर्च सातशेच्या वर. २०१९ साली बॅनर्जी आणि डफ्लो यांना नोबेल मिळाले, तेव्हा आपल्याकडे अभिनंदनाचे ठराव झाले. हा सातपटीचा हिशेब कुठल्या खरेदी समितीपुढे आला असेल, तर त्याची खूण दिसत नाही.

लिंडन यांनी पुढे गुजरातमध्ये ‘ज्ञानशाला’ संस्थेच्या वर्गांत आणखी टोकदार प्रश्न विचारला. संगणक शिक्षकाच्या तासाच्या जागी आला तर काय होते, आणि तासाखेरीज जास्तीचा आला तर काय? उत्तर स्पष्ट निघाले. शिक्षकाचा वेळ खाऊन संगणक दिला तिथे मुले उलट मागे पडली. शाळेनंतर जादा म्हणून दिला तिथे पुढे गेली. यंत्र तेच आणि कार्यक्रमही तोच. फरक पडला तो कोणाच्या वाट्याची मिनिटे गेली, याने.

दिल्लीत २०१५ च्या सुमाराला कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियान यांनी ६१९ विद्यार्थ्यांवर केलेला ‘माइंडस्पार्क’चा अभ्यास डिजिटल शिक्षणाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. शाळेबाहेरच्या केंद्रात रोज दीड तास, साडेचार महिने. अर्धा वेळ पडद्यापुढे, अर्धा वेळ छोट्या गटात माणसाकडून शिकणे. गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची भर पडली. ती का पडली, हे अधिक महत्त्वाचे. सहावीत बसलेले मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते. वर्गात फळ्यावर सहावीचे उदाहरण चालू असताना हे मूल मान डोलवत बसते, बाई पुढच्या पानावर जातात. त्या कार्यक्रमाने आधी मूल कुठे अडले ते पाहिले आणि तिथून सुरुवात केली. बालसखीही हेच करत होती. पडदा असो वा पाटी, शिकवणे मुलाच्या पायरीवर उतरले तर गुण येतो.

तसे उतरले नाही तर काय होते, ते पेरू देशाने दाखवले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत तिथल्या खेड्यांतल्या मुलांना यंत्रे मिळाली. तपासणीत गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही.

वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही, याचाच वर्ध्याला विसर पडला आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथल्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल दिला. विनोबा, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा अशी माणसे त्या समितीत होती. त्यातले वेळापत्रक काढून पाहावे. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तोद्योगाला तीन तास वीस मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणिताला मिळून चाळीस, मातृभाषेला चाळीस, सामाजिक आणि सामान्य विज्ञानाला तीस, शारीरिक शिक्षणाला दहा, सुटी दहा. सूत काढायची टकळी हे त्या काळचे शैक्षणिक साधनच होते. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. मग गुंडी किती फुटांची झाली, हा गणिताचा तास. साधन किती मिनिटे वापरायचे आणि त्यातून कोणता विषय निघायचा, हे आधी ठरले होते. (या योजनेचे, म्हणजे नई तालीमचे, पुढे काय झाले, तेही लपवू नये. पुष्कळ शाळांत सूत वेगळे आणि धडा वेगळा झाला, टकळी नुसती रिवाजाची उरली. कपाटातल्या पडद्याची ती थोरली बहीण.) सेवाग्रामच्या आनंद निकेतनमध्ये २००५ पासून तो प्रयोग पुन्हा चालू आहे, आणि तिथे जाऊन पाहायला निविदा लागत नाही.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी हे स्वतःच्या अकलेने केलेही आहे. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची डिजिटल शाळा पाहायला राज्यभरातून गुरुजी येत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले, पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांत आले, आणि २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला. पष्टेपाड्याच्या मागोमाग गावोगाव लोकवर्गणीतून पडदे आले, फीत कापली गेली. मग नव्याचे नऊ दिवस सरले. वीजबिल थकले म्हणून शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वर्गणी देणाऱ्याने टीव्ही दिला, महिन्याचे बिल कोण देणार हे कोणी विचारले नाही. आधी कळस आणि मग पाया, अशातला प्रकार.

दुसरीकडे शिक्षकाच्या हातातला मोबाइल शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यातच झिजतो. ‘सरल’ झाले, ‘यूडायस’ झाले, पोषण आहाराची नोंद झाली, की दुपार संपते. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा शिक्षकांनी रस्त्यावर आणली ती उगाच नव्हे. लिंडन यांचा निष्कर्ष इथे निराळ्या वाटेने खरा ठरतो: तंत्रज्ञानाने शिक्षकाचा तास खाल्ला, आणि मुलाला बदल्यात काही दिलेही नाही.

घरचा फोन हा भरवशाचा पर्याय नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात रानात असतो. संध्याकाळी तो मुलाच्या हाती येतो तेव्हा पुस्तकावरचा कोड स्कॅन होईलच असे नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारे होते ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६.

वर्ध्यात हिंदी विश्वविद्यालय आहे, सावंगी आणि सेवाग्रामच्या संस्था आहेत, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. त्यांच्या मदतीने जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या काही शाळा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात. निम्म्यांना मुलाच्या पायरीवरून सुरू होणारा संगणक कार्यक्रम शाळेनंतर द्यावा, निम्म्यांना गावातली एक शिकलेली मुलगी मानधनावर द्यावी, आणि वर्षाअखेर दोन्हीकडची मुले तपासावीत. याला कोटी लागत नाहीत. निकाल काहीही लागो, तो मराठीत छापावा.

त्याआधी जिल्हा नियोजन समितीने पुढच्या बैठकीत एक यादी मागवावी. जिल्ह्यात कोणत्या शाळेत किती पडदे आणि किती टॅब आहेत, त्यातले चालू किती, एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला किती मिनिटे येतात आणि मागच्या महिन्याचे वीजबिल कोणी भरले. नव्या खरेदीचा विषय त्या यादीनंतर घ्यावा.