मिठाच्या बरणीचे रबर

२०२३च्या दिवाळीपूर्वी आमच्या हातून एक अपराध घडला, तो आज वाचकांपुढे कबूल करून टाकतो. थोरल्या वहिनींचे स्वयंपाकघर आम्ही आवरले.

वहिनींचे वय ७४. गेली काही वर्षे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग निकामी होत चालला आहे. या विकारात कडेचे दिसते आणि जिकडे रोखून पाहावे नेमके तेवढेच दिसत नाही. दारात कोणी आले हे कळते, त्याचा चेहरा कळत नाही. भिंतीला न धडकता घरभर वावरणाऱ्या या बाईंना दिसत नाही, यावर शेजारीपाजारी विश्वासच ठेवीत नाहीत. दादांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडलेला. दोघेच राहतात. आलेगेले 'अंधपंगुन्याय' म्हणून कौतुक करतात. आम्हांला तो दाखला पटत नाही. त्या कथेत एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर बसतो. इथे कोणीच कोणाच्या खांद्यावर बसलेले नाही.

तर फराळाच्या आधी मदत करावी म्हणून आम्ही गेलो. पाहतो तो बरण्यांना मळकी रबरे गुंडाळलेली, गॅसच्या बटणावर फेव्हिकॉलचा वाळलेला थेंब. आम्ही थेंब खरवडला, रबरे फेकली आणि एकसारख्या १२ बरण्या आणून त्यांवर ठळक अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत. चार दिवस मात्र त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. डबा बाहेरून आला. पाचव्या दिवशी दादांचा फोन. "एक रबर म्हणजे मीठ, दोन म्हणजे साखर. तू तिचा चष्मा कचऱ्यात टाकलास."

मग आम्ही शिकायला बसलो. थेंबावर बोट टेकले की गॅस मंद झाला हे वहिनींना कळते. कप भरत आला की चहा ओतण्याचा आवाज चढा होतो, तिथे थांबायचे. आम्ही इतकी वर्षे चहा पितो, हा सूर कधी ऐकला नव्हता! चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा भात हरवतो, म्हणून त्या केळीच्या पानावर जेवतात. सणावाराची हौस म्हणून नव्हे.

दादांची विद्या वेगळी. परातीखाली ओले फडके घातले की एका हाताने कणीक मळताना ती फिरत नाही. एका फळीतून खालून वर दोन खिळे काढले आहेत. त्यांवर बटाटा रोवायचा आणि डाव्या हाताने सोलायचा. बरणी उघडायची तर ती खणात उभी करून खण कमरेने दाबून धरायचा. झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावला की पकड सुटत नाही.

नोटांचे काय, असे आम्ही विचारले. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण व पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असते. पण हाताळून हाताळून तो उठाव झिजतो. दोनशेची आणि पाचशेची नोट लांबीला अवघ्या ४ मिलिमीटरांनी वेगळी. रिझर्व्ह बँकेने २०२० साली नोट ओळखून किंमत बोलून दाखविणारे 'मनी' नावाचे अॅप काढले, ते पुतण्याने फोनवर घालून दिले आहे. वहिनी ते घरीच वापरतात. "भरबाजारात फोनने माझे पैसे मोठ्याने मोजायचे काय?" घरी ओळखलेली शंभराची नोट एकदा दुमडायची, दोनशेची दोनदा, पाचशेची सरळ ठेवायची, आणि मग मंडईत जायचे. दुकानदाराने परत दिलेले पैसे वेगळ्या कप्प्यात.

प्रायश्चित्त म्हणून आम्ही रबरांचे नवे पाकीट नेले. वहिनींनी एक ताणून पाहिले आणि परत दिले. ओल्या बोटांना इतके बारीक लागत नाही. शेवटी दादांच्या त्या ट्यूबचीच वेटोळी कापली. ट्यूब त्यांनी गुडघ्यांत धरली, कात्री आम्ही चालवली. चिठ्ठ्या काढू लागलो तेव्हा मात्र वहिनींनी अडवले.

"त्या राहू द्या भावोजी. तुम्हांला मीठ सापडायला लागतील."