सौजन्य आणि अडथळा

नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने नवागतांच्या डच भाषाज्ञानाची अपेक्षित पातळी सर्वसाधारणपणे वाढविली. राहावयाचे तेथील भाषा यावी, ही अपेक्षा रास्तच होय. शिष्टाचारही शिकता येतात. ‘अल्स्टुब्लीफ्त’ म्हणजे मुळात ‘आपली मर्जी असेल तर’. विनंती करताना तो शब्द योजतात, तसाच वस्तू हाती देतानाही! वडीलधाऱ्यांना ‘ऊ’, म्हणजे आपले ‘तुम्ही’, बरोबरीच्यांना ‘यै’. वाढदिवशी तर उत्सवमूर्तीबरोबर तिच्या आईवडिलांचेही अभिनंदन करावयाचे. मराठी माणसाला यात फारसे परके वाटू नये.

अडचण पुढेच आहे. दुकानात नवागत अडखळत एखादे डच वाक्य उच्चारतो, तोच समोरचा गृहस्थ सफाईदार इंग्रजीत उत्तर देतो. हेतू मदतीचाच असतो. पण शिकणाऱ्याची जीभ तेथेच थबकते. सीरियातून आलेल्या ज्या निर्वासिताला इंग्रजीही येत नाही, त्याने काय करावे? भाषेची सक्ती करणाऱ्या समाजाने मोडके बोलणे ऐकून घेण्याचा संयमही दाखवावयास नको काय? तूर्त भाषावर्गांनी ‘कृपया माझ्याशी डचमध्येच बोला’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात शिकवावे. परीक्षेत इंग्रजी उत्तराला गुण मिळत नाहीत.